सायकल ट्रॅकवरून बस नेण्याचा घाट घातला जातोय? हरकत कशी घ्यायची, कधी आणि कुठे

नागपुरातल्या एखाद्या वाहनमुक्त सायकल ट्रॅकवरून बस जाणार ही बातमी पेपरात येते तेव्हा फाईल बरीच पुढे गेलेली असते. सल्लागार नेमलेला असतो, अंदाजपत्रक झालेलं असतं, कधी कधी निविदेचा मसुदाही तयार असतो. म्हणून विरोधाची सुरुवात मोर्चाने करू नका. फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, हे आधी शोधा.

त्याआधी एक वाक्य आपसात पक्कं करा आणि प्रत्येक पत्रात, प्रत्येक बैठकीत तेच बोला: आमचा विरोध बसला नाही, बसच्या या जागेला आहे. नागपूरला बस हवीच आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत जाणारा कामगार, बर्डीला क्लासला येणारी मुलगी, मेडिकलला नंबर लावायला निघालेली आजी, या सगळ्यांना बस लागते आणि ती आज पुरत नाही. ट्रॅकवरून सायकलने कामाला जाणारा माणूस आणि स्टॉपवर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा एकाच वस्तीतले असतात. त्यांना एकमेकांसमोर उभं केलं की हरकत तिथेच संपते. "यांना सकाळी फिरायला जागा हवी, गरिबाची बस नको" हा शिक्का एकदा बसला की पुढची सगळी आकडेमोड कोणी ऐकत नाही. म्हणून हरकतीबरोबर बसचा दुसरा मार्ग, मोजलेल्या मिनिटांसह, हातात हवाच.

जमीन कोणाची आणि कागदावर ती काय आहे

ट्रॅक जमिनीवर दिसतो एक, पण कागदावर तो वेगवेगळ्या गोष्टी असू शकतो, आणि कोणता कायदा लागू होतो ते त्यावरच ठरतं. नगर भूमापन कार्यालयातून त्या पट्ट्याची आखीव पत्रिका, म्हणजे मालकीचा उतारा, काढा (हद्दीबाहेरच्या भागाला सातबारा). मालक महानगरपालिका असेल, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) असेल, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, रेल्वे किंवा वन विभागही असेल. तलावाकाठचे, नाल्याकाठचे आणि टेकडीलगतचे पट्टे बरेचदा दोन-तीन खात्यांत वाटलेले असतात. एकाच ट्रॅकचे पाच तुकडे निघाले तर पाचही पत्रिका काढा.

मग विकास आराखड्याच्या नकाशावर तोच पट्टा शोधा. नकाशात तो उद्यान, हरितपट्टा किंवा मोकळी जागा असेल तर तिथे बसचा रस्ता करायला आराखड्यात फेरबदल करावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे त्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि बाधितांना सुनावणी देऊन प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीला पाठवावा लागतो. हरकतीसाठी सूचनेच्या तारखेपासून एक महिना मिळतो. हा महिना चुकला की सगळ्यात भक्कम पायरी गेली.

नकाशात तो आधीपासूनच आराखड्यातला रस्ता असेल आणि आजवर नुसता सायकलींसाठी राखलेला असेल, तर कलम ३७ तुमच्या कामाचं नाही. तिथे वेगळा कागद शोधायचा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर मोटारींना बंदी घालता येते. तशी अधिसूचना ट्रॅकसाठी निघाली असेल तर बस सोडायला ती मागे घ्यावी किंवा बदलावी लागेल. वाहतूक पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात तिची प्रत मागा. अशी अधिसूचना कधी निघालीच नव्हती, नुसता फलक लावून काम चालवलं होतं, असंही निघू शकतं. हे आधीच कळलेलं बरं; सुनावणीत समोरच्याकडून कळलं तर बोलायला काही उरत नाही.

पट्टा वनजमीन निघाला तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे वनेतर काम करता येत नाही. तेव्हा पहिलं पत्र उपवनसंरक्षकांना.

माहितीचा अधिकार: घाई इथेच करायची

माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. हरकतीची मुदतही एक महिन्याची. म्हणजे सूचना निघाल्यावर अर्ज टाकला तर उत्तर येईपर्यंत हरकतीची खिडकी बंद. म्हणून कुजबुज कानावर आली त्याच आठवड्यात अर्ज द्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. लांबलचक निबंध लिहिला की तो त्याच कारणाने परत येतो. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि विषयानुसार तीन वेगळे अर्ज करा: एक प्रकल्पाचा, एक ट्रॅकच्या बांधकामाचा, एक झाडांचा.

पहिल्या अर्जात मागायचं ते असं: सविस्तर प्रकल्प अहवालाची प्रत, पर्यायी मार्गांची तुलना केली असल्यास ती, प्रवासी संख्येचा अंदाज आणि तो ज्या मोजणीवर आधारला ती मोजणी, बसची लांबी-रुंदी आणि दर तासाच्या फेऱ्या, रस्त्याचा आडवा छेद, सल्लागाराचा कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश). दुसऱ्या अर्जात ट्रॅक कोणत्या निधीतून झाला, किती खर्च झाला, थर किती जाडीचे आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) कधी संपतो. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कालावधी चालू असताना मनपानेच ट्रॅक फोडला तर ठेकेदाराची जबाबदारी संपते आणि निधी देणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. नागपूर केंद्राच्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत निवडल्या गेलेल्या ११ शहरांपैकी एक आहे. सायकलसाठी पैसा आणि नाव दोन्ही घेतलेल्या शहराला हा प्रश्न लेखी विचारलाच पाहिजे.

प्रती मिळायला वेळ लागणार असेल तर कलम २(ञ) खाली फाईलची पाहणी मागा. पहिल्या तासाला शुल्क नसतं. जाताना दोघं जा: एकाने पानं उलटायची, दुसऱ्याने पान क्रमांकासह लिहून घ्यायचं. टिपणीची पानं नीट पाहा. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने "रुंदी अपुरी आहे" असा शेरा मारलेला असतो आणि वरच्या सहीत तो विरून गेलेला असतो. असा एक शेरा तुमच्या दहा पत्रांपेक्षा जड असतो.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, त्याच्या भरवशावर थांबू नका.

रुंदी मोजा, आणि बस जमिनीवर काढून दाखवा

लागणारं सामान: ३० मीटरचा टेप, खडू, पन्नास मीटर सुतळी, पाच किलो चुन्याची फक्की, वही, फोन. माणसं चार.

दर १०० मीटरवर एक आडवा छेद घ्या. त्यात पाच आकडे: ट्रॅकची मोकळी रुंदी, दोन्ही बाजूंच्या कुंपणांमधलं अंतर, सगळ्यात जवळच्या झाडाच्या खोडापर्यंतचं अंतर, खांब, चेंबर आणि विजेची डीपी यांचं अंतर आणि फांदीची उंची. मोजताना लोक एक चूक हमखास करतात: कठड्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात आणि रुंदी ३० सेंटिमीटर जास्त येते. टेप आतल्या कडेला लावा. सगळ्यात अरुंद जागा १०० मीटरच्या टप्प्यात येत नसेल तर ती वेगळी घ्या. बस सरासरी रुंदीतून जात नाही, सगळ्यात अरुंद जागेतूनच तिला जावं लागतं.

आता लागणारी रुंदी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसची कमाल रुंदी २.६ मीटर आहे, आरसे धरले तर साधारण ३. तिला चालायला ३.५ मीटरची मार्गिका धरतात. दोन्ही दिशांच्या सायकलींना ३ मीटर: हँडल साधारण ६५ सेंटिमीटरचं, पण चालती सायकल डुलते म्हणून एका सायकलला १ मीटर, समोरासमोर दोन, आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मीटर. मधला दुभाजक अर्धा मीटर. पायी चालणाऱ्यांना १.८ मीटर, हा इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी, रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) १०३ क्रमांकाच्या संहितेतला किमान आकडा. बेरीज: एका दिशेच्या बससाठी ८.८ मीटर, दोन दिशांसाठी १२.३. तुमचा ट्रॅक ४ मीटरचा निघाला तर पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. सायकलच्या आखणीसाठी आयआरसी ११ ही स्वतंत्र संहिता आहे. प्रस्तावातला छेद तिच्याशी ताडून पाहा आणि फरक लिहून द्या.

हे आकडे नकाशावर कोणाला भिडत नाहीत. म्हणून सगळ्यात अरुंद जागी, सकाळी सहाला, सुतळी ताणून फक्कीने १२ मीटर बाय २.६ मीटरचा आयत काढा. क्रिकेटच्या क्रीजसारखी रेष सरळ यायला हवी, त्यासाठी आधी खडूने चार कोपरे आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते तपासा (१२.२८ मीटर येतात). दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटरचे आरसे काढा. आता शाळेच्या वेळेला ट्रॅकवरून येणारी पोरं त्या आयताच्या कडेने कशी जातात त्याचा फोटो घ्या. दप्तर हँडलला अडकवलेली, मागे बहिणीला बसवलेली सायकल त्या रेषेपासून कुंपणापर्यंत उरलेल्या ५०-६० सेंटिमीटरमधून काढताना मूल खाली उतरतं. हा एक फोटो हरकतीच्या पहिल्या पानावर लावा. पावसाळ्यात हे करू नका, फक्की तासाभरात वाहून जाते. आणि ट्रॅक अडवून ठेवू नका, नाहीतर तक्रार तुमच्यावरच होईल.

वळणावर दृष्टीपल्ला मोजा. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या वाहनाला सुरक्षित थांबायला ४५ मीटर पुढचं दिसलं पाहिजे, असं आयआरसीचे निकष सांगतात. एक जण बस जिथून जाईल त्या रेषेवर जमिनीपासून १.२ मीटरवर डोळा ठेवून उभा राहील, दुसरा वळणापलीकडे खोक्यासारखी छोटी वस्तू जमिनीवर ठेवत मागे सरकत जाईल. वस्तू दिसेनाशी झाली की टेपने अंतर मोजा. तलावाकाठच्या आणि टेकडीलगतच्या ट्रॅकवर हे अंतर बरेचदा ४५ च्या आत भरतं, कारण वळणं सायकलच्या वेगासाठी काढलेली असतात.

खालची जमीन

सायकल ट्रॅकवर साधारण ६० मिलिमीटरचे पेव्हर किंवा पातळ डांबरी थर असतो. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस १५६५८ मध्ये, ६० मिलिमीटर हलक्या वाहतुकीसाठी, तर जड वाहतुकीसाठी १०० मिलिमीटर सांगितलेत. भरलेल्या मोठ्या बसचा मागचा आस १० टनांच्या आसपास भार टाकतो. रस्त्याची झीज भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. त्यात नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे "आहे त्याच ट्रॅकवरून बस नेऊ, खर्च कमी" हे गणित खरं नसतं. पूर्ण खोदून मुरूम, खडी, नवे थर घालावे लागतात. अंदाजपत्रकात ही खोदाई दाखवली आहे का ते पाहा. दाखवली नसेल तर प्रकल्पाचा खर्च कमी दाखवलाय. दाखवली असेल तर झाडांचा प्रश्न उभा राहतो.

खोदाईत कापली जाणारी मुळं यादीत येत नाहीत. "एकही झाड तोडणार नाही" असं लेखी आश्वासन मिळतं, खोडापासून एका मीटरवर पाऊण मीटर खोल चर जातो, आणि पुढच्या वळवाच्या वादळात कडुनिंब आडवा होतो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या शहरी वृक्ष कायद्यात 'झाड तोडणे' या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. तोच शब्द हरकतीत वापरा. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि ट्रॅकपासूनचं अंतर, एवढी यादी करा. ५० वर्षांवरचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरतं. तोडीची सूचना झाडावर चिकटवली जाते आणि हरकतीला फक्त ७ दिवस असतात. ट्रॅकवर रोज जाणाऱ्या कोणा एकाला ही खोडं पाहण्याचं काम नेमून द्या.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा सायकल चालते ती सावलीमुळे. बससाठी वरची फांदी छाटली की ट्रॅक असला काय नसला काय, दुपारी दोनला शिफ्टला जाणारा माणूस तिथे येत नाही.

माणसं मोजा

मोजणीशिवाय हरकत दिली तर "तिथे कोणी जातच नाही" हे एक वाक्य पुरतं. दोन जागा निवडा, दोन्ही टोकांना एकेक. मंगळवार, बुधवार, गुरुवारपैकी दोन दिवस आणि एक रविवार. वेळ सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते ८. पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती, दिवाळी आणि शाळेच्या परीक्षांचे दिवस टाळा; त्या दिवसांचा आकडा समोरचा एका वाक्यात उडवतो.

तक्त्यात ओळी पंधरा-पंधरा मिनिटांच्या. रकाने: सायकल-पुरुष, सायकल-स्त्री, गणवेशातली मुलं, सामान लादलेली सायकल, पायी, ज्येष्ठ, चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी, आणि घुसलेली दुचाकी. पाच-पाचच्या रेघोट्या मारा, डोक्यात धरून नंतर लिहू नका. एका माणसाने सलग दोन तासांपेक्षा जास्त मोजलं की आकडे घसरायला लागतात, तेव्हा पाळ्या लावा. सकाळी फेऱ्या मारणारा एकच माणूस चारदा मोजला जातो. ते चालेल, पण तक्त्याच्या खाली "हे आकडे फेऱ्यांचे आहेत, व्यक्तींचे नाहीत" असं स्वच्छ लिहा. घुसखोर दुचाक्याही खऱ्या लिहा. तो आकडा लपवला आणि मनपाच्या मोजणीत निघाला तर बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो.

प्रत्येक पंधराव्या माणसाला तीन प्रश्न विचारा: कुठून कुठे, कशासाठी, हा ट्रॅक नसता तर कशाने गेला असता. तिसऱ्या उत्तरातून कळतं की यातले किती जण बसमध्ये बसतील आणि किती दुचाकीवर जातील.

मिनिटांचा हिशेब आणि दुसरा मार्ग

समांतर मुख्य रस्त्यावरच्या सध्याच्या बसमध्ये बसा. गर्दीच्या वेळी पाच फेऱ्या, बिनगर्दीच्या पाच. प्रत्येक स्टॉपला आणि प्रत्येक सिग्नलला पोचल्याची आणि सुटल्याची वेळ लिहा. बहुतेक ठिकाणी दिसेल ते हे: वेळ चौकात, स्टॉपवर आणि दुहेरी पार्किंगच्या शे-दीडशे मीटरमध्ये जातो, मधला रस्ता फारसा वेळ खात नाही.

आता ट्रॅकचं गणित. समजा ट्रॅक ३ किलोमीटरचा आहे. मुख्य रस्त्यावर बस सरासरी १५ च्या वेगाने जाते: १२ मिनिटं. ट्रॅकवर २५ धरली: ७ मिनिटं १२ सेकंद. वाचली जेमतेम पावणेपाच मिनिटं. पण दुकानं, दवाखाने, शाळा मुख्य रस्त्यावर आहेत. ट्रॅकवरचा स्टॉप तिथून ३०० मीटर आत असेल तर चालायला ४ मिनिटं जातात, ज्येष्ठांना जास्त. शिवाय ट्रॅकच्या टोकाला बसला पुन्हा मुख्य रस्त्यावर शिरायचं असतं, तिथला थांबा वेगळा. हा हिशेब तुमच्या मोजलेल्या आकड्यांनी भरा आणि एका पानात द्या.

मग पर्याय. मुख्य रस्त्यावर गर्दीच्या चार तासांत बसच्या मार्गिकेतलं पार्किंग बंद. दोन सर्वांत वाईट चौकांत बसला आधी सोडणारा सिग्नल. स्टॉप सिग्नलच्या अलीकडून पलीकडे. अगदी जवळजवळ असलेले दोन स्टॉप एकत्र. यातलं पार्किंगचं काम अवघड आहे, दुकानदार विरोध करतील, हे मान्य करूनच लिहा आणि त्यांच्यासाठी जवळची पर्यायी जागा नकाशावर दाखवा. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगतंय की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटायची. बसला जागा हवी तर ती उभ्या मोटारींकडून घ्यावी. सायकल आणि पायी चालणाऱ्यांकडे आधीच सगळ्यात कमी आहे.

हरकतीचा अर्ज

छापील मजकुराच्या पाचशे झेरॉक्सवर पाचशे सह्या असल्या तरी कार्यालय त्याला एकच हरकत धरतं. त्यापेक्षा स्वतःच्या शब्दांतल्या पन्नास वेगवेगळ्या हरकती चांगल्या. शाळेने लिहावं, ज्येष्ठांच्या मंडळाने लिहावं, दूधवाल्याने आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईने हाताने दोन ओळी लिहाव्यात.

रचना अशी: सूचनेचा क्रमांक आणि तारीख; "मी या ट्रॅकचा नियमित वापर करतो/करते, म्हणून बाधित आहे"; एकेक मुद्दा क्रमांकाने, प्रत्येकामागे मोजमाप; पर्याय; शेवटी मागणी. मागणी नेमकी हवी, उदाहरणार्थ: "प्रस्तावित फेरबदल रद्द करावा, तो शक्य नसल्यास पर्यायी मार्गाचा तुलनात्मक अभ्यास होऊन प्रसिद्ध होईपर्यंत निविदा काढू नये, मला व्यक्तिशः सुनावणी द्यावी." सुनावणी मागितली नाही तर काही ठिकाणी नुसती पोच देऊन मोकळे होतात.

दोन प्रती घेऊन सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयातल्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. झोन कार्यालयात दिलेली हरकत मुख्यालयात मुदतीत पोचेलच असं नाही. नासुप्रच्या जमिनीसाठी नासुप्रत वेगळी प्रत. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका; त्या दिवशी साहेब हमखास दौऱ्यावर असतात. स्पीड पोस्टनेही एक प्रत पाठवून पावती जपा.

सुनावणीला तीन माणसं बोलायला ठरवा, प्रत्येकी पाच मिनिटं: एक मोजमाप, एक वापर, एक पर्याय. बोललेलं सगळं लेखी देऊन त्यावरही पोच घ्या, आणि इतिवृत्ताची प्रत मागा.

समोरून येणारी उत्तरं ठरलेली आहेत. "इलेक्ट्रिक बस आहे": धूर नाही, पण वजन बॅटरीमुळे वाढतं आणि हळू वेगात ती ऐकू येत नाही, सायकलवाल्याला तर मुळीच नाही. "दहा मिनिटांना एकच बस": दोन्ही दिशा धरून तासाला १२, सोळा तासांत १९२ वेळा मूल कडेला उतरणार. "सायकलला दीड मीटर ठेवतोय": समोरून दुसरी सायकल आली तर ती बसच्या मार्गिकेत जाते. "एक महिना प्रायोगिक तत्त्वावर": इथे सगळ्यात सावध राहा. कलम ११५ खाली महिनाभराच्या आतल्या निर्बंधाला राजपत्राची गरज नसते, आणि प्रयोगाची मुदत गुपचूप वाढत जाते. प्रयोग होणारच असेल तर सुरू होण्याआधी त्याची शेवटची तारीख आणि यश-अपयशाचे निकष लेखी मागा.

असे प्रस्ताव मागे घेतले गेलेत. इंग्लंडमध्ये जुन्या रेल्वेमार्गावर झालेल्या ब्रिस्टॉल-बाथ सायकल मार्गावर जलद बस नेण्याचा बेत २००८ मध्ये हजारो सह्यांनंतर सोडून द्यावा लागला.

सभागृह, अधिवेशन आणि कोर्ट

विषय आमसभेत किंवा परिवहन समितीत यायच्या आधी प्रभागातल्या चारही नगरसेवकांना ट्रॅकवर आणा, फक्कीचा आयत दाखवा. सभागृह नसून प्रशासक असतील तर थेट आयुक्तांकडे. ठराव होऊन गेला तरी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो निलंबित करू शकतं.

इथे नागपूरकरांना एक सोय आहे. हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात, बहुधा डिसेंबरमध्ये होतं. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधीसाठी आमदारांना मजकूर बराच आधी लागतो, म्हणून दिवाळीच्या सुमारासच एका पानाचं टिपण द्या: प्रश्न, चार आकडे, एक फोटो. अधिवेशनाच्या काळात यशवंत स्टेडियमवर धरणं किंवा मोर्चा काढायचा तर पोलिसांची परवानगी आधी घ्या. त्या दिवसांत रांग असते. सायकल रॅली काढलीत तर तीही बसचा रस्ता न अडवता.

दिवाणी न्यायालयातून मनाई मिळेल या आशेवर राहू नका. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) २०१८ च्या दुरुस्तीनंतर रस्ते आणि नागरी वाहतुकीच्या प्रकल्पांना विलंब होईल अशी मनाई देण्यावर बंधन आहे. वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची, राज्यघटनेच्या कलम २२६ खाली. तिथे पहिला प्रश्न येतो: आधी प्राधिकरणाकडे गेलात का, आणि इतका उशीर का? पोचेची प्रत आणि कार्यादेशाच्या आधीची तारीख, ही दोन्ही उत्तरं तुमच्याकडे तयार हवीत. वकिलांना दोन निकाल दाखवा: लखनौच्या झंडेवाला पार्कचा १९९९ चा, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने बागेखालचं बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली, आणि मे २०२५ चा आदेश, ज्यात त्याच न्यायालयाने पदपथाचा वापर राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क मानला. अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर सदोष आखणीसाठी प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागारावर एक लाखापर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८अ मध्ये आहे. तुमची रुंदीची मोजमापं कार्यादेशाआधीच आवक झाली असतील तर "माहीत नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही.

प्रस्ताव मागे घेतला तर तोंडी घोषणेवर घरी जाऊ नका. ठरावाची प्रत घ्या, ट्रॅकला मोटारबंदीची अधिसूचना नसेल तर ती मागा, आणि दोन्ही टोकांना खांब बसवून घ्या. दोन खांबांमधलं अंतर १.२ मीटर: चाकाची खुर्ची आणि दूधाचे कॅन लावलेली सायकल निघते, मोटार निघत नाही. मधला एक खांब कुलूप काढून आडवा करता येणारा असावा, किल्ली अग्निशमन केंद्रात. खांबाला रात्री चमकणारी पट्टी लावायला विसरू नका, अंधारात सायकलच त्यावर आदळते.